कात्री हरवलेले क्रियापद

काही महिन्यांपूर्वी एका अ‍ॅपच्या अटी-शर्ती मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले. असला मजकूर कोणी वाचत नाही हे लिहिणाऱ्याला, अनुवाद करणाऱ्याला आणि ‘मला मान्य आहे’ म्हणून बोट टेकवणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक असते. त्यामुळे मीही सवयीने हात चालवत होते. पण ‘शेअर’ या एका क्रियापदापाशी पुन्हा पुन्हा अडखळायला लागले. सुरुवातीच्या कलमात वापरणारा माणूस आपले फोटो मित्रमैत्रिणींशी शेअर करत होता. थोडे खाली तो स्वतःचे ठिकाण, म्हणजे या घटकेला आपण कुठे आहोत ते, अ‍ॅपशी शेअर करत होता. त्यानंतर कंपनी त्याची माहिती ‘आमच्या निवडक भागीदारांशी’ शेअर करत होती. आणि अगदी तळाशी ती विक्रेत्यांशी उत्पन्न शेअर करत होती. तिथे मात्र शेजारी टक्क्यांचा आकडा होता, दशांश चिन्हासकट.

चार जागी चार निराळ्या गोष्टी घडत होत्या आणि क्रियापद एकच. मी काम देणाऱ्यांना लिहून विचारले की प्रत्येक ठिकाणी नेमके काय होते ते सांगा. दाखवले जाते, दिले जाते, विकले जाते की वाटले जाते? मराठीत यांना वेगवेगळे शब्द आहेत. उत्तर एका ओळीचे आले: ‘शेअर’च राहू द्या, सगळ्यांना कळते.

सगळ्यांना कळते, हे खोटे नाही. माझे भांडण त्या कळण्याशीच आहे. ‘शेअर’ म्हटले की काहीतरी भले, उदार, मनमोकळे घडते आहे एवढे प्रत्येकाला कळते. काय घडते, ते कळत नाही. वाटून देण्याचे पुण्य या शब्दाने जवळ ठेवले आहे आणि वाटून देताना पदरचे जे जाते ते सोडून दिले आहे. गप्पांमध्ये याने काही बिघडत नाही. करारात, कायद्यात आणि बातमीत बिघडते, आणि माझे म्हणणे असे की तिथे या शब्दाला मज्जाव असावा.

इंग्रजी ‘शेअर’चा जन्म कापण्यातून झाला आहे. जुन्या इंग्रजीतले त्याचे पूर्वज कापणे, कातरणे आणि कापून निघालेला तुकडा या अर्थांभोवती फिरतात. मेंढीची लोकर कातरण्यासाठी वापरतात ते ‘शिअर’ त्याच घरातले. नांगराच्या फाळालाही इंग्रजीत ‘शेअर’च म्हणतात, कारण तो जमीन चिरत जातो. ‘शॉर्ट’, ‘शर्ट’ आणि ‘स्कर्ट’ हीसुद्धा याच खटल्यातली माणसे. अजून मागे गेले तर या कुळाची एक शाखा संस्कृतात भेटते: कापणे या अर्थाचा ‘कृत्’ धातू, त्यापासून ‘कर्तरी’, आणि कर्तरीची आपली कात्री. लांबची का होईना, शेअर आणि कात्री ही भावंडे आहेत. मराठीत फाळ आणि फाळणी हे शब्द शेजारी नांदतात, तसेच इंग्रजीत नांगराचा शेअर आणि वाट्याला येणारा शेअर.

नाम आधी आले. त्याचे क्रियापद झाले सोळाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तेव्हा त्याचा अर्थ साधा होता: एका वस्तूचे भाग पाडायचे आणि ज्याचा त्याला द्यायचा. वस्तू कापली जाते आणि देणाऱ्याकडे पूर्वीपेक्षा कमी उरते, हे त्यात न सांगता आलेच.

वाटणीचे शब्द भाषेत वजनदार असतात, हे जाता जाता सांगायला हवे. संस्कृतातल्या ‘भज्’ धातूचा एक जुना अर्थ वाटणे, वाटा देणे, वाट्याचा उपभोग घेणे. त्यातून भाग आला, भागीदार आला, विभक्त आणि अविभक्त आले. भक्तीही तिथूनच आली, आणि भाग्यसुद्धा: ज्याच्या वाट्याला जे आले ते त्याचे भाग्य. ग्रीकांची नियतीची देवता ‘मोइरा’, तिच्या नावाचाही अर्थ वाटा असाच होतो. नशीब सांगायला दोन्हीकडे वाटणीचाच शब्द सुचावा याचे मला अजून अप्रूप वाटते. (आणि हे ‘वाटणे’ पुन्हा वेगळेच.) शिवाय आपले भागणे आहेच. बाराला तीनने भागतात तेही भागणे, आणि ‘एवढ्यात भागेल’ म्हणतात तेही. वाटे पाडले, पण ते पुरले का, ही काळजी मराठीने एकाच क्रियापदात ठेवून दिली आहे.

आजचे इंग्रजी ‘शेअर’ निदान पाच कामे करते. बारा पेन्सिली तीन मुलांत शेअर केल्या, प्रत्येकाला चार मिळाल्या: ही वाटणी. दोघी बहिणी एक खोली शेअर करतात: खोलीत भिंत घातलेली नाही, तेव्हा हा एकत्र वापर. मुलाला ‘खेळणे शेअर कर’ म्हटले तर आळीपाळीने खेळा असा अर्थ, खेळण्याचे दोन तुकडे करा असा नव्हे. दोघांचा वाढदिवस शेअर होतो, तिथे कोणी काही करतच नाही, नुसता योगायोग आहे. आणि शेवटी अनुभव, बातमी, दुःख, फोटो शेअर करणे, म्हणजे सांगणे, दाखवणे, पाठवणे. मराठीत याची पाच निराळी वाक्ये होतात. म्हणून आपली भाषा श्रीमंत आणि इंग्रजी दरिद्री, असे मला अजिबात म्हणायचे नाही. एका शब्दात पाच अर्थ मावणे ही त्या भाषेची सोयही आहे. अडचण एवढीच की त्यामुळे एका अर्थाची अब्रू दुसऱ्या अर्थाला उसनी मिळते.

पहिल्या अर्थाची अब्रू मोठी आहे. लहान मुलाला चार माणसांत राहायला शिकवताना जे धडे दिले जातात, त्यात ‘वाटून घे’ हा फार लवकर येतो, आणि तो शिकवावा लागतो कारण तो जड जातो. बारांतल्या चार पेन्सिली दिल्या की आठ उरतात. मूल रडते ते उगाच नाही; त्याने हिशेब बरोबर केलेला असतो. या शब्दामागचे पुण्य त्या कमी होण्यातून आलेले आहे.

संगणकाच्या जगात हा शब्द आला तेव्हा कात्रीसकट आला होता. 1961 साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी व्यवस्था चालवून दाखवली. तोवर यंत्र एक आणि वापरू पाहणारे अनेक, एकाचे काम संपल्यावर दुसऱ्याचा नंबर, असा मामला होता. या व्यवस्थेत यंत्राच्या वेळेचे बारीक तुकडे पाडून ते आळीपाळीने प्रत्येकाला दिले जात, इतक्या झपाट्याने की यंत्र आपल्या एकट्याच्याच दिमतीला आहे असे ज्याला त्याला वाटे. याचे नाव ‘टाइम-शेअरिंग’. शब्द चोख होता. वेळ खरोखर कापला जात होता, आणि माणसे वाढली की प्रत्येकाचा तुकडा लहान होऊन यंत्र रेंगाळत असे. आज बैठकीत कोणी ‘स्क्रीन शेअर’ करतो तेव्हा काहीच कापले जात नाही. वीस जण पाहत असले म्हणून प्रत्येकाला पडद्याचा विसावा भाग दिसतो असे नाही.

मनातले सांगणे या अर्थाचा ‘शेअर’ यंत्रातून आलेला नाही. त्याची वाट धर्मातून येते. अमेरिकी धर्मोपदेशक फ्रँक बुकमन यांच्याभोवती 1920 आणि 1930च्या दशकांत ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ नावाची ख्रिस्ती चळवळ उभी राहिली. आपल्या चुका, आपली पापे दुसऱ्या माणसापुढे बोलून दाखवण्याला ते लोक ‘शेअरिंग’ म्हणत. 1935 साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मुळे त्याच चळवळीत होती, आणि सभेत आपली कहाणी सांगण्याची रीत तिथेही रुजली. हा अर्थबदल मला खोटा वाटत नाही. आपल्या व्यसनाबद्दल दहा अनोळखी माणसांपुढे खरे बोलणाऱ्याचे काहीतरी जातेच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती उघडणाऱ्याने ते सव्वा लाख सोडलेले असतात. इथे कात्री दिसत नाही, पण मोजलेली किंमत दिसते.

तेव्हा माझी कसोटी व्युत्पत्तीची नाही. शेअर करणाऱ्याचे काय कमी झाले, एवढेच मी विचारते.

यावर कोणी म्हणेल की ज्ञान, गाणे, बातमी यांच्यात कमी होण्याचा प्रश्नच येत नाही आणि तेच त्यांचे वैभव आहे. कबूल. विद्याधनाचे जुने सुभाषित हेच सांगते: ते चोर नेत नाही, राजा हिरावत नाही, आणि ‘न भ्रातृभाज्यम्’, म्हणजे भावाभावांत त्याची वाटणी होत नाही. सुभाषितकाराने विद्येची थोरवी गाताना वाटता न येणे हा तिचा गुण म्हणून सांगितला आहे. थॉमस जेफरसन यांनी 13 ऑगस्ट 1813 रोजी आयझॅक मॅक्फर्सन यांना लिहिलेल्या पत्रात विचाराला ज्योतीची उपमा दिली: माझ्या मेणबत्तीवर कोणी आपली मेणबत्ती पेटवली तर त्याला उजेड मिळतो आणि माझ्याकडे अंधार होत नाही. वाटणी ही एक गोष्ट आणि हे दुसरेच काही, हा फरक दोघांनाही लख्ख दिसत होता. ज्योत वाटली जात नाही, ती लावली जाते.

गोंधळ झाला तो एका ज्योतीवरून कोट्यवधी ज्योती लावणारी यंत्रे हाती आल्यावर. नव्या क्रियेला शब्द हवा होता. ‘नक्कल’ हा खरा शब्द, पण त्याला वास बरा नाही. 1999 साली नॅपस्टर निघाले. एकाच्या संगणकातली गाणी दुसऱ्याला त्याच्या संगणकात उतरवून घेता येऊ लागली. वापरणारे त्याला ‘फाइल शेअरिंग’ म्हणत आणि ध्वनिमुद्रण कंपन्या चोरी म्हणत. न्यायालयाचा कौल कंपन्यांच्या बाजूने गेला आणि 2001च्या जुलैत ती सेवा बंद पडली. मला त्या वादात दोन्ही पक्षांची क्रियापदे चुकलेली दिसतात. चोरी म्हणावी तर ज्याची वस्तू त्याच्याकडे ती होतीच. शेअर म्हणावे तर देणाऱ्याचे काहीच जात नव्हते. जात असलेच तर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे जात होते, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. एका बाजूने गुन्ह्याचा शब्द उचलला, दुसरीने सद्गुणाचा. न्यायालयात पहिला जिंकला. बोलण्यात दुसरा टिकला.

पुढे त्याचा धंदा झाला. एअरबीएनबी 2008 साली निघाली, उबर 2009 साली, आणि अशा कंपन्यांच्या सगळ्या पसाऱ्याला ‘शेअरिंग इकॉनॉमी’ हे नाव पडले. मूळ कल्पनेत तथ्य होते. तुमच्या मोटारीत तीन जागा रिकाम्या जातात, त्याच रस्त्याने जाणाऱ्या तिघांना घ्या आणि खर्च चौघांत वाटा. इथे जागाही वाटली गेली आणि खर्चही. पण चालक स्वतः तिकडे जाणारच नसेल, बसणाऱ्याला सांगेल तिथे सोडून पैसे घेत असेल, तर ती भाड्याची गाडी. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने 2015 साली बातमीदारांना तसे सांगितलेही: उबर आणि लिफ्टसारख्या सेवांना ‘राइड-शेअरिंग’ म्हणू नका, गाडी बोलावण्याची सेवा म्हणा. एका वृत्तसंस्थेने एका क्रियापदाला दार लावले, यात क्रांती वगैरे काही नाही. तरी ‘शेअर’ बाजूला होताच चालक हा चालक दिसू लागतो आणि भाडे हे भाडे. कामाचे तास, विमा, परवाना, अपघाताची जबाबदारी हे प्रश्न ‘भाडे’ या शब्दाला आपोआप चिकटून येतात. ‘शेअर’ला ते चिकटत नाहीत. मित्राच्या मोटारीत बसताना कोण परवाना मागतो?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र घडली कॅलिफोर्नियात. तिथे 2018 साली ग्राहकांच्या खासगी माहितीविषयी एक कायदा झाला, जो 1 जानेवारी 2020 पासून लागू झाला. माझी माहिती विकू नका असे कंपनीला बजावण्याचा हक्क त्याने माणसाला दिला. लगेच पळवाटेचा वाद सुरू झाला. जाहिरातींच्या व्यवहारातल्या कंपन्यांचा पवित्रा असा, की आम्ही माहिती विकत कुठे आहोत, आम्ही ती फक्त शेअर करतो. नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन 24’ला कौल देऊन कायदा दुरुस्त केला, आणि 1 जानेवारी 2023 पासून ‘शेअर करणे’ या क्रियापदाची कायदेशीर व्याख्या अंमलात आली. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरच्या वावरावरून माणसाला जाहिराती दाखवता याव्यात यासाठी त्याची माहिती तिसऱ्या पक्षाला भाड्याने देणे, उघड करणे, उपलब्ध करून देणे, हस्तांतरित करणे, मग त्याबद्दल पैसे मिळोत वा न मिळोत, हे सगळे म्हणजे शेअर करणे. ज्या कंपन्या हे करतात त्यांच्या पानावर आता दुवा दिसतो: माझी वैयक्तिक माहिती विकू नका किंवा शेअर करू नका.

ती व्याख्या मी दोनदा वाचली. भाड्याने देणेसुद्धा ‘शेअर’मध्ये कोंबावे लागले आहे. पेन्सिली वाटण्यापासून निघालेला शब्द एका राज्याच्या कायद्यात पाळत ठेवून केलेल्या जाहिरातबाजीचे नाव होऊन बसला. कायदा लोकांच्या बाजूचा आहे, यात शंका नाही. पण त्याने उलटी वाट धरली असे मला वाटते. कंपन्यांनी निवडलेला गोड शब्द तसाच घेतला आणि त्यात कडू अर्थ भरला. आता दुव्यावर ‘शेअर करू नका’ वाचणाऱ्याला क्षणभर आपणच कंजूष असल्यासारखे वाटते. युरोपीय संघाच्या 2016 सालच्या माहितीसंरक्षण नियमांत माहितीवरच्या प्रक्रियेची व्याख्या आहे. तिच्यात पाठवून उघड करणे, प्रसृत करणे, उपलब्ध करून देणे असे कोरडे शब्द आहेत, ‘शेअर’ नाही. कोरडे आहेत म्हणूनच ते बरे. ‘उघड करणे’ ऐकले की माणूस सावध होऊन बसतो.

आणि यात कर्त्याचाही घोटाळा आहे. वाटणारा आपले वाटतो. कंपनी वाटते ते माझे, आणि औदार्य लिहिते स्वतःच्या खात्यावर. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

बरे, शब्दाला कात्रीचा कायमचा विसर पडला आहे म्हणावे, तर तसेही नाही. पैशाची गोष्ट निघाली की त्याला सगळे आठवते. अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर 2008 साली उघडले तेव्हा विक्रीतले 70 टक्के अ‍ॅप बनवणाऱ्याला आणि 30 टक्के अ‍ॅपलला, अशी वाटणी ठरलेली होती. उत्पन्न निवडक भागीदारांसोबत शेअर केले जाऊ शकते, अशा मोघम वाक्यावर एकाही अ‍ॅपवाल्याने सही केली नसती. शेअर बाजारातला शेअरही असाच काटेकोर, कंपनीच्या भांडवलाचा मोजून पाडलेला भाग. मराठीने त्याला ‘समभाग’ म्हटले, धारकाला ‘भागधारक’ म्हटले, आणि दोन्ही शब्द अंगाला बसले, कारण वस्तूच नीट बेतलेली होती. माझ्यापुढच्या त्या अटींत हेच होते. उत्पन्नाच्या कलमात दशांश चिन्ह, माहितीच्या कलमात ‘निवडक भागीदार’. ते कोणी निवडले, किती आहेत, कशासाठी घेतात, याचा पत्ता नाही.

एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. शब्दांचे अर्थ बदलतातच, त्यात एवढे काय? भाग पाडण्याचेच दुसरे एक इंग्रजी क्रियापद घ्या, ‘डेसिमेट’. रोमन सैन्यात अपराधी तुकडीतल्या दर दहांतला एक चिठ्ठी टाकून निवडत आणि ठार करत, त्या शिक्षेवरून ते आले. आज त्याचा अर्थ मोठा संहार. दहावा हिस्सा हाच खरा अर्थ, असा हट्ट धरणाऱ्यांना लोक हसतात, आणि हसावेच. पण तिथे जुना अर्थ मेलेला आहे आणि मेलेल्याच्या नावावर कोणाला उधारी मिळत नाही. ‘शेअर’चा जुना अर्थ जिवंत आहे. कुठेतरी एखादे मूल आत्ता या क्षणी नाक ओढत आठ पेन्सिलींवर समाधान मानत असेल. त्याच्या त्यागाची पत वापरून दुसरा कोणी व्यवहार करतो आहे.

आपल्याकडे तुकोबांनीही शब्दांचे धन लोकांना वाटण्याची भाषा केली आहे. तेही रूपकच की. पण त्या रूपकात धन कोणाचे, वाटणारा कोण आणि घेणारे कोण, हे स्वच्छ दिसते. रूपकाला माझी हरकत नाही. त्याच्या आड कर्ता दडवण्याला आहे.

या शब्दाचा सर्वात प्रामाणिक वापर मला सापडला तो, नवल म्हणजे, गणितात. गुपित शेअर करणे म्हणजे कानात सांगणे, असे आपण समजतो. 1979 साली आदी शामीर या गणितज्ञाने ते शब्दशः घेतले: गुपिताचे खरेच वाटे पाडायचे. समजा तिजोरीची किल्ली म्हणजे एक मोठा आकडा आहे. त्याचे पाच वाटे पाच जणांना असे द्यायचे की कोणतेही तिघे एकत्र आले तर आकडा मिळावा, पण दोघांनी कितीही डोके चालवले तरी हाती काही लागू नये. थोडेसुद्धा नाही. युक्ती शाळेतल्या भूमितीची आहे. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, एका बिंदूतून असंख्य जातात. म्हणून दोघांची गरज ठेवायची असेल तर गुपित एका रेषेत लपवायचे आणि प्रत्येकाला त्या रेषेवरचा एकेक बिंदू द्यायचा. एकट्या बिंदूवरून रेषा ओळखता येत नाही. दोन जुळले की रेषा सापडली. तिघांची गरज असेल तर रेषेच्या जागी परवलय घ्यायचे. त्याच वर्षी जॉर्ज ब्लॅकली यांनीही स्वतंत्रपणे, वेगळ्या मार्गाने, हा प्रश्न सोडवला होता.

मला ही कल्पना भलतीच आवडते. इथे प्रत्येकाच्या हाती येतो तो खरा वाटा, आणि एकट्याचा वाटा निरुपयोगी. किती वाटे केले, किती जमले की काय होते, सगळे आधी ठरलेले. म्हणजे माहितीच्या बाबतीतही ‘शेअर’ हा शब्द कात्रीसकट वापरता येतो. वापरणाऱ्याची हिशेब द्यायची तयारी हवी, इतकेच.

आता मराठीपुरते. मी शुद्धिवादी नाही. माझी भाची ‘फोटो शेअर केला’ म्हणते, मीही म्हणते, आणि त्यात कोणाची फसवणूक होत नाही. काही मराठी इंटरफेसांनी यासाठी ‘सामायिक करा’ असे बटण केले. हेतू चांगला, पण सामायिक म्हणजे अनेकांच्या एकत्र मालकीचे. बटण दाबले की माझा फोटो सगळ्यांच्या मालकीचा झाला, असा सरळ अर्थ निघतो. हे मूळ शब्दाहूनही महागात पडायचे. ‘पाठवा’ने काम झाले असते, कारण तिथे घडते ते पाठवणेच.

मला खटकते ते वेगळेच. ‘माझा अनुभव तुमच्यासोबत शेअर करते’ या वाक्यातले ‘सोबत’. आपली जुनी क्रियापदे ‘ला’ मागतात: तुम्हाला सांगते, तुम्हाला देते, त्याला विकले. ‘ला’ आला की काहीतरी एकीकडून दुसरीकडे गेले हे दिसते. ‘सोबत’ आले की कोणी कोणाला काही देत नाही, सगळे मिळून जणू सहलीला निघालेले असतात. करारात हेच वाक्य कसे येते पाहा: ‘आपली माहिती तृतीय पक्षांसोबत शेअर केली जाऊ शकते.’ ‘सोबत’ने घेणारा झाकला, ‘केली जाऊ’ने देणारा झाकला आणि ‘शकते’ने घटनाच झाकली. आठ शब्दांत तीन पडदे.

ज्या कागदावर माणसाची संमती घेतली जाते, त्यावर हे क्रियापद नसावे. दाखवतो, पाठवतो, देतो, वापरू देतो, भाड्याने देतो, विकतो, यांतले जे घडते ते लिहावे. कर्त्यासकट आणि ‘ला’सकट. बदल्यात काही घेत असाल तर ‘देतो’ही नको. बातमीदारांनीही ‘कंपनीने ग्राहकांची माहिती शेअर केली’ असे लिहिण्याआधी एक फोन करून विचारावे, की कशाच्या बदल्यात? वकील मंडळी म्हणतात की ‘शेअर’ मोघम आहे म्हणूनच सोयीचा, काही सुटत नाही. सोय कोणाची, ते त्यांनीच सांगितले.

त्या अनुवादात मी शेवटी तिसऱ्या कलमात लिहून पाहिले: ‘आम्ही तुमची माहिती इतर कंपन्यांना देतो.’ मसुदा तपासून परत आला तेव्हा त्या ओळीखाली लाल रेघ होती आणि ‘देतो’च्या जागी ‘शेअर करतो’ आले होते. समासात शेरा होता: ‘देतो’ लिहिले तर लोक विचारतील, कोणाकोणाला? उत्पन्नाच्या कलमात मी ‘वाटणी’ लिहिले होते. त्याला कोणी हात लावला नव्हता.